मिलकाचा दाखला

औरंगाबाद,
१२ नोव्हेंबर १९७२

चि. मिलका,

तुझं पत्र दसऱ्याच्या आठवड्यात मिळालं. तू गेल्याला चौदा महिने झाले. एवढ्यात तू तुझ्या भाचीला, सिमहाला, तीन पत्रं टाकलीस, वहिनीला दोन. मला, सख्ख्या भावाला, हे पहिलंच. उत्तराला उशीर झाला, पण इकडं कुणाला फुरसत नाही. पाऊस गेल्या साली कमी होता, यंदा आलाच नाही म्हटलं तरी चालेल. हर्सूलच्या तलावात गुरं मधोमध जाऊन उभी राहतात आणि त्यांचे खूर भिजत नाहीत. पैठण रोडला खडी फोडायचं दुष्काळी काम निघालंय, तिथं मला ओव्हरसियर म्हणून नेमलंय. सकाळी सहाला जीप येते. दोन हजार माणसं कामावर आहेत, निम्म्याहून जास्त बाया. मेंढरं विकून आलेली कुटुंबं आहेत, कालपर्यंत स्वतःच्या रानात राबणारीही आहेत. दिवसभर दगडाचा आवाज कानात राहतो.

शहर मात्र वाढतंय. चिकलठाण्याला नवे कारखाने उभे राहतायत. त्यातल्या एकात आपल्यापैकी एक जण नोकरीला आलाय, अवराम राजपूरकर. म्हणजे आपली बेने इस्राएल ज्यूंची घरं, तू होतीस तेव्हासारखी, पुन्हा आठ झाली. शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते जेमतेम जमतात.

आता तुझ्या कामाचं. तिकडं इस्राएलात बीरशेबाच्या त्या मुलींच्या धार्मिक शाळेत तू स्वयंपाकघरात आहेस, हे वहिनीकडून कळलं होतं. आता तू लिहितेस की भारतातून आलेल्या मुलींना मराठीतून प्रार्थना समजावून सांगणारी शिक्षिका शाळेला हवी आहे. तू इथं अकरा वर्षं शिकवलंस असा आपल्या मंडळाचा दाखला दिलास, तर शाळेच्या मोठ्या बाई तुला एक वर्ग देतील. मंडळाचा सेक्रेटरी मीच असल्यामुळे दाखला माझ्याच हातचा हवा. तो सोबत जोडला आहे. मजकूर असा: ‘श्रीमती मिलका यांनी आमच्या मुलांच्या वर्गात वेळोवेळी मदत केली. त्यांची वागणूक चांगली आहे.’ खाली दस्तखत आणि शिक्का.

यावर काम भागावं.

तू निघालीस त्या दिवशी स्टेशनावर यायचं राहून गेलं. कामाची तपासणी होती. मनात ठेवू नकोस.

रहामीम


औरंगाबाद,
१४ जानेवारी १९७३

चि. मिलका,

दाखला परत आला. सोबत चिठ्ठी नाही, एक ओळ नाही. घडीसुद्धा मी घातली होती तशीच.

खरं सांगायचं तर मला राग आला. सातासमुद्रापलीकडे बसलेल्या बहिणीसाठी कागद करून पाठवायचा आणि तो असा तोंडावर परत यायचा. मी तो कागद जेवताना वहिनीसमोर ठेवला. तिनं वाचला, ताटाखाली सरकवला आणि भात वाढत म्हणाली, ‘मदत केली म्हणे. मग शिकवलं कुणी?’ सिमहा समोर होती. तिला आता बारावं लागलंय, तिच्यापासून काही लपत नाही.

तेव्हापासून तीन वर्षांपूर्वीचा, पेझारकर साहेब आले होते तो दिवस डोक्यातून जात नाही. तो तुला आठवत असेल. एक काळ मी ठरवून टाकलं होतं की तुला काही ऐकूच गेलं नसणार.

मुंबईच्या मंडळाकडून ते गावोगावचे मुलांचे वर्ग बघत हिंडत होते. आपल्या पुढच्या खोलीत नऊ मुलं चटईवर बसली होती. त्यांनी एकेकाला उभं करून वाचायला लावलं. पोरं घडाघडा वाचत होती, अर्थ सांगत होती. साहेब म्हणाले, एवढ्याशा गावात असं वाचन मी ऐकलं नाही, यांना शिकवतं कोण?

मी म्हणालो, ‘मीच.’

विचार करून बोललो नाही. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं आणि तोंडातून निघून गेलं. लगेच दुरुस्त करता आलं असतं. एक श्वासभर वेळ होता. तेवढ्यात तू दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. ट्रे तू टेबलावर ठेवलास, कप सरळ केलेस आणि आत गेलीस. मुलांपैकी एकही बोललं नाही. त्यांना वाटलं असेल, मोठी माणसं म्हणतात तसंच असतं.

सहा महिन्यांनी मुंबईहून माझ्या नावाचं प्रशस्तिपत्र आलं. ते मी फ्रेम करून भिंतीवर लावलं. तुझा मुलांचा वर्ग रोज त्याच्याच खाली भरत होता.

एलिझर वारल्यावर तू विधवा होऊन माझ्याकडं आलीस तेव्हा चोवीस वर्षांची होतीस. घरात बसून काय करायचं म्हणून तू मुलं गोळा केलीस. मी म्हणायचो, तिचा वेळ जातो. लोकांपुढं तुझ्या शिकवण्याला ‘वेळ जाणं’ म्हणायची मला सवयच लागली होती.

स्टेशनाचंही लिहून टाकतो. तू निघालीस तो रविवार होता. रविवारी कसली तपासणी? मी घरीच होतो. वहिनी आणि सिमहा तुला पोचवून परत आल्या, तोवर खुर्चीतून उठलो नव्हतो.

दाखला पुन्हा लिहायला घेतला होता. जमला नाही. पुढच्या खेपेला लिहितो.

रहामीम


औरंगाबाद,
२५ मार्च १९७३

चि. मिलका,

तुझं उत्तर नाही. नसलं तरी हे लिहितो, कारण सांगायचं बरंच साठलंय.

आपल्या नळाला आता पाणीच येत नाही. आख्ख्या गल्लीत एकाच आडाला पाणी आहे, सगीरा आपांच्या. कामावर जायच्या आधी मी दोन बादल्या घेऊन त्यांच्या अंगणात रांगेला उभा राहतो. त्या वेळी ओसरीवर त्यांच्याकडं शिकणाऱ्या पंधरा-वीस मुली कुराण वाचत बसलेल्या असतात. हे सगळं तुला माहीत आहे. तू वर्षानुवर्षं दुपारी त्यांच्याकडं जाऊन बसायचीस. मी मात्र इतकी वर्षं शेजारी राहून त्यांच्या अंगणात पाय ठेवला नव्हता.

पहिल्या दिवशी मी बादली फरशीवर आदळली. पुढं उभे असलेले सरदारभाई, आपांचे थोरले दीर, एसटीवर ड्रायव्हर आहेत, आवाज असा की स्टँडवरून छावणीत ऐकू यावा. ते वळून माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, ‘आपा सबक घेतायत. बादली हातातच धरा.’ तेव्हापासून बघतोय. सगळी रांग बादल्या हातात धरून उभी असते. सबक, म्हणजे धडा, संपेपर्यंत राहाट फिरत नाही. तहानलेली माणसं थांबतात. कुणी तसा हुकूम केलेला नाही.

त्याच सुमारास वर्गात एक प्रकार झाला. तू गेल्यापासून वर्ग मी घेतो. नऊची पाच मुलं उरली, हे वहिनीनं तुला कळवलं असेलच. त्या रविवारी मी फळ्यावर एक हिब्रू शब्द लिहून वाचून घेत होतो. सिमहा म्हणाली, ‘पप्पा, तो रेश नाही, दालेथ आहे.’ मी म्हणालो, रेशच आहे. ती उठून फळ्याजवळ आली. ‘आत्या सांगायची, दालेथच्या पाठीला कोपरा असतो, रेशची पाठ गोल असते. पुस्तकात बघा, कोपरा आहे.’ मुलं हसली. मी तिला बाहेर काढलं. वर्गात परत यायचं नाही असं सांगितलं.

मुलं गेल्यावर पुस्तक खिडकीशी नेऊन बघितलं. कोपरा होता.

त्या दिवसापासून सिमहा माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. शाळेतून आली की पुस्तक घेऊन कुठंतरी जायची. चौथ्या दिवशी मी पाणी घेऊन निघालो तर आपांनी मला ओसरीजवळ थांबवलं. सिमहा तिथं खांबाला टेकून उभी होती, प्रार्थनेचं पुस्तक छातीशी धरून.

आपा म्हणाल्या, ‘भाईसाब, बुरा नका मानू. ही तीन दिवसांपासून माझ्याकडं बसून तिची किताब वाचते. मला तुमची जबान कळत नाय. पण पोर समजून पढते का डरून पढते, तेवढं मला कळतं. हिला कुणीतरी लई इज्जतीनं शिकवलंय. कोण होती ती उस्तानी?’

त्यांना ठाऊक होतं, मिलका. तुझ्याशी इतका घरोबा होता, त्यांना ठाऊक नसेल का? त्यांना ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. मागं रांगेत सरदारभाई आणि सातआठ माणसं होती. सिमहा माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, ‘माझी बहीण. मिलका. अकरा वर्षं तिनंच शिकवलं.’

आपांनी फक्त मान हलवली आणि मुलींकडं वळल्या. सिमहानं माझ्या हातातली एक बादली घेतली. आम्ही घरी आलो. रस्त्यात ती एवढंच म्हणाली की रविवारी येऊ का वर्गाला. मी ये म्हणालो.

पण मी तिथं अर्धंच सांगितलं. उरलेलं तुला आणि मलाच ठाऊक आहे, म्हणून इथं लिहितो.

वडील गेल्यावर सेफेर, तोराची ती हाती लिहिलेली गुंडाळी, वाचायचं काम माझ्याकडं आलं. सेफेरातल्या अक्षरांखाली खुणा नसतात, सूर कानात असावा लागतो. वडिलांनी आपल्या दोघांनाही बसवून शिकवलं होतं. तुझ्या कानात ते राहिलं, माझ्या राहिलं नाही. दर गुरुवारी कामावरून आल्यावर दार लोटून घेऊन तू मला त्या आठवड्याचा भाग म्हणून दाखवायचीस आणि मी तुझ्यामागं म्हणायचो. अकरा वर्षं. शनिवारी मी खांद्यावर शाल घेऊन सगळ्यांपुढं उभा राहायचो, तू बायकांबरोबर आतल्या दाराआड. प्रार्थना झाल्यावर लोक म्हणायचे, रहामीम, तुझ्यात वडिलांचा गळा उतरलाय. मी मान लववायचो.

तू गेल्यावर मी पाठ असलेलंच वाचतो. जिथं अडतं तिथं आवाज बारीक करून पुढं जातो.

मुलांना तू शिकवत होतीस हे मान्य केलं, तर पुढचा प्रश्न हाच आला असता की याला कुणी शिकवलं. पेझारकर साहेबांपुढं ‘मीच’ म्हणालो त्यामागं हे होतं. आज लिहिताना मलाही ते पहिल्यांदाच नीट दिसतंय.

दादा


औरंगाबाद,
१० जून १९७३

चि. मिलका,

तू सिमहाला लिहिलेल्या पत्रात शेवटी ‘दादाची तब्येत कशी आहे’ एवढं विचारलंस. तब्येत बरी आहे.

शाबुओथचा सण बुधवारी झाला. त्या दिवशी आठही घरं जमली होती. सिनाय डोंगरावर तोरा मिळाली तो हा दिवस. शिकण्या-शिकवण्याचं त्या दिवशी बोलतात. मी आठवडाभर मनाशी ठरवत होतो. वहिनीला सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘बोलणार असाल तर उभं राहून बोला. आणि मिलकाचं नाव घ्या. नुसतं बहीण बहीण करू नका.’

वाचन संपलं. सेफेर परत ठेवलं. मी म्हणालो, थोडं थांबा. मग सगळं सांगितलं. मिलकानं तुमची मुलं शिकवली आणि नाव मी घेतलं. तिनं मागितलेल्या दाखल्यात मी ‘मदत केली’ असं लिहिलं. आणि मी जे वाचून दाखवतो तेही तिनंच शिकवलंय, दर गुरुवारी. ही जागा माझी नाही, सेफेरच्या कपाटाची ही किल्ली घ्या, असं म्हणून ती टेबलावर ठेवली.

मग हसकेलकाका, तुला माहीत आहे ते किती सावकाश बोलतात, ते म्हणाले, ‘रहामीम, बस खाली. आम्हाला ठाऊक आहे.’

मी विचारलं, काय ठाऊक आहे?

‘तू चुकलास की दाराआड तांब्या वाजायचा. तू मागं जाऊन नीट वाचायचास. आख्खी खोली तांब्याची वाट बघायची.’

कुणीतरी हसलं. बायकांच्या बाजूनंही हसू आलं. मिलका, तो तांब्या माझ्यासाठी वाजतो हे मला कळत होतं. पण मला वाटायचं, तो फक्त मला ऐकू येतो.

हसू थांबल्यावर मात्र, मला वाटतं, प्रत्येकाच्या मनात एकच आलं. ठाऊक होतं तर इतकी वर्षं कुणी बोललं का नाही? मी खोटं बोललो आणि त्यांनी ते चालू दिलं. त्यांची मुलं तू शिकवलीस, आणि तुला निरोप द्यायलासुद्धा आठांपैकी दोनच घरांतली माणसं आली होती. हसकेलकाकांनी रुमालानं डोळे पुसले. म्हणाले, ‘कागद आण. मी आधी सही करतो.’

नवा दाखला मी तिथंच सगळ्यांपुढं लिहिला. मोठ्यानं वाचला. सात घरांच्या कर्त्यांनी सह्या केल्या, आणि हसकेलकाका म्हणाले म्हणून बायकांनीही केल्या. त्यांत वहिनीची सही पहिली आहे. अवराम राजपूरकर यांनी केली नाही. त्यांचं म्हणणं, बाई घरात शिकवते ते ठीक, शिक्का मारून जगाला कशाला सांगायचं, बाहेर आपल्या मंडळाला हसतील. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. तेच मी तीन वर्षं स्वतःला सांगत होतो. काल शब्बाथला ते आले नाहीत. आम्ही नऊच होतो. दहा नसले की सेफेर उघडत नाही, म्हणून नुसती प्रार्थना करून उठलो. बहुतेक पुढंही असंच होईल. हे तुला कळवतो ते तुला वाईट वाटावं म्हणून नाही. जे झालं ते सगळं कळवायचं ठरवलंय.

किल्ली मला परत दिली. भिंतीवरची फ्रेम मी उतरवून आतला कागद पेझारकर साहेबांना पाठवला, सोबत खरं काय ते लिहून. उत्तर आलेलं नाही.

दाखला सोबत आहे. त्यात ‘मदत’ हा शब्द नाही. या खेपेला परत पाठवावंसं वाटलं, तर काय चुकलं ते लिही. मी पुन्हा लिहीन.

तुझा,
दादा


औरंगाबाद,
९ सप्टेंबर १९७३

चि. मिलका,

तुझं पत्र मंगळवारी आलं. माझ्या नावचं. वहिनीनं ते न फोडता मी कामावरून येईपर्यंत उंबऱ्यात हातात धरून ठेवलं होतं.

यंदा पाऊस बरा झालाय. खडीचं काम बंद झालं, माणसं आपापल्या गावी गेली. नळाला दिवसाआड पाणी येतं. तरी मी सकाळी आपांकडून एक बादली आणतो. त्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला तिसरीचा वर्ग मिळाला हे ऐकून त्यांनी सिमहाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि म्हणाल्या, ‘तिला लिहा, सगीरानं दुआ केली. आणि लिहा की पहिल्या साली आवाज चढवू नको.’ तसं लिहिलं.

वर्गाला पुन्हा सात मुलं येतात. लहानांना सिमहा शिकवते, मोठ्यांना मी. पण मी आधी तिला वाचून दाखवतो. राजपूरकर अजून येत नाहीत. त्यांची मुलगी येते, तिची आई आणून सोडते. पेझारकर साहेबांचं चार ओळींचं उत्तर आलं, मजकूर वाचला, नोंद घेतली, एवढंच. ठीक आहे.

मिलका, तू मला माफ केलंस असं पत्रात कुठंही नाही. मी शोधलं. नाही ते बरंच आहे. इतक्या लवकर केलं असतंस तर मला खरं वाटलं नसतं. पण तू लिहिलेली एक गोष्ट मी वाचली आणि पुढं वाचता येईना म्हणून पत्र वहिनीच्या हातात दिलं. तू लिहिलंस की पहिल्या दिवशी तू वर्गात पाऊल टाकलंस आणि सगळ्या मुली एकदम उभ्या राहिल्या. आणि तू मागं वळून बघितलंस, कोण आलं म्हणून.

मागं कुणी नव्हतं. तू लिहिलंस, दार मोकळं होतं, आणि मुली तशाच उभ्या होत्या, तू बसा म्हणेपर्यंत.

वहिनीनं ते दोनदा वाचलं. मग मला म्हणाली, ‘तिला मागं बघायची सवय आपण लावली.’ हे तिचं म्हणणं तुला कळवावं असं वाटलं. ते खरं आहे.

आता एक विचारायचं आहे. नव्याचा सण, आपला वर्षारंभ, अठरा दिवसांवर आलाय. त्या दिवशी हन्नाचा अध्याय असतो. ती मनातल्या मनात प्रार्थना करते, ओठ हलतात, आवाज येत नाही, आणि एली याजकाला वाटतं की ही बाई दारू प्यायली आहे. मग ती त्याला उत्तर देते. त्या उत्तराशी मी दर वर्षी अडतो. तिथं सूर खाली उतरवायचा, की आहे तसाच धरून ठेवायचा? सिमहाला विचारलं तर ती सांगेल. मला तुला विचारायचं होतं.

हे पत्र पोचून तुझं उत्तर येईपर्यंत सण होऊन जाईल. हरकत नाही, पुढच्या वर्षी लागेलच. सवड काढून लिही.

तुझा,
दादा